तयारीची लहर

खुर्ची फार छान चालत होती, आणि नेमकी हीच गोष्ट जयवंतराव पेडणेकरांच्या मनाला खुपत होती.

सकाळी मुलुंडहून निघाल्यापासून तिनं एकदाही घोटाळा केला नव्हता. बसच्या दाराशी लावलेल्या उतारावरून ती अलगद खाली आली, गोदीतल्या जुन्या खडबडीत फरशीवरून न धडपडता चालली, आणि बंदर संग्रहालयाच्या दारातल्या तपासणीच्या कमानीतून इतक्या सफाईनं आत शिरली की पहारेकऱ्यानं वाकून चाकांकडे पाहिलं.

"दांडा नाही, बटण नाही. चालते कशावर?" त्यानं विचारलं.

"मनावर," दहा वर्षांच्या रेवानं ठसक्यात सांगितलं. रेवा ही जयवंतरावांची नात.

"आजोबांच्या," तिच्या आईनं, मृणालनं, पुस्ती जोडली.

"अहो, चला आता, मागे लोक खोळंबलेत," त्यांच्या पत्नी कुंदाताई म्हणाल्या, आणि खुर्ची निघाली.

दोन वर्षांपूर्वी मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला, तेव्हापासून जयवंतरावांचे पाय गेले होते. हातांत कप धरण्यापुरती ताकद उरली होती, तीही दोन्ही हात लावले तर. साध्या विजेच्या खुर्चीचा दांडा त्यांच्या बोटांना पेलत नव्हता. म्हणून पुनर्वसन केंद्रानं ही नवी खुर्ची महिनाभराच्या चाचणीसाठी दिली होती.

तिचं तत्त्व केंद्रातल्या तांबोळी मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. माणूस हात उचलतो किंवा पाऊल टाकतो, त्याच्या अर्धा-एक सेकंद आधी मेंदूच्या वरच्या भागात विजेचा एक मंद चढ सुरू होतो. शास्त्रज्ञांना तो गेल्या शतकापासून ठाऊक आहे. मॅडम त्याला तयारीची लहर म्हणत. पाय लुळे पडले म्हणून ही लहर उठायची थांबत नाही. ती मानेपाशी येऊन अडते, एवढंच. कपाळावरची पट्टी आणि कानांमागच्या दोन चकत्या ती टिपतात, नजर कुठे लागली आहे ते खुर्चीवरचा छोटा कॅमेरा बघतो, आणि दोन्हींचा मेळ बसला की चाकं फिरतात.

"म्हणजे मला जायचंय हे मला कळायच्या आत खुर्ची निघणार?" जयवंतरावांनी विचारलं होतं.

"थोडंसं तसंच," मॅडम हसल्या होत्या. "लहर आधी, जाणीव मागून. तुमचं-आमचं सगळ्यांचंच तसं असतं, काका. खुर्चीत बसलेल्याला ते दिसतं, एवढाच फरक."

हे ऐकल्यापासून जयवंतरावांना एक धास्ती बसली होती. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याच्या मजकुरात पदरचं काही घालायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. शंका आली तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं, पुढचं लेखक बघून घेईल. घरीही त्यांचा कारभार तसाच होता. आज भाजी कुठली, सुटीत जायचं कुठे, मृणालला घालायचं कुठल्या शाळेत, हे कुंदाताई विचारत आणि जयवंतराव म्हणत, "चालेल." अशा माणसाच्या डोक्यात स्वतःची म्हणून काही लहर उठत तरी असेल का?

पहिले तीन दिवस तर उत्तर 'नाही' असंच दिसत होतं. प्रत्येकाची लहर वेगळी, म्हणून खुर्चीला आधी माणसाची ओळख करून द्यावी लागते. घरातल्या भिंतीवर दोन चित्रं उमटत. मनात एक निवडायचं आणि त्याच्याकडे वळायचं, रोज चाळीस मिनिटं. सूचनापत्रकात ठळक लिहिलं होतं की या वेळी खोलीत दुसरं कुणी असू नये. जयवंतराव दार लावून एकटे बसत, आणि शेवटी पडद्यावर शंभरांपैकी गुण येत: एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस. चौथ्या दिवशी कुंदाताईंना ते बघवेना. चहा घेऊन त्या आत आल्या आणि स्टूल ओढून शेजारीच बसल्या.

"अहो, ते डावीकडचं कमळ बघा ना, काय गोड आहे!"

खुर्ची डावीकडे वळली.

आठवड्याभरात गुण अठ्ठ्याऐंशीवर गेले आणि कुंदाताईंनी इमारतीत पेढे वाटले.

आजचा दिवस शेवटच्या चाचणीचा होता. गर्दीच्या एखाद्या सार्वजनिक ठिकाणी दिवस घालवायचा; खुर्ची स्वतःच सगळी नोंद ठेवणार आणि परतताना फाटकाबाहेर पडताक्षणी ती केंद्राला पाठवणार. नोंद समाधानकारक असली तर एकट्याचा परवाना. नसली तर सोबतीचा परवाना, म्हणजे कुंदाताईंच्या मनगटाला एक पट्टा, आणि त्या पाच मीटरांच्या पलीकडे गेल्या की खुर्ची जागच्या जागी थांबणार. दुसरी संधी नाही. रांगेत आणखी दोनशे माणसं होती.

जयवंतरावांना फार काही नको होतं. घरापासून पंधरा मिनिटांवरच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी, सकाळचे दोन तास. तीस वर्षं ते तिथे एकटे जात होते. गेली दोन वर्षं कुंदाताई त्यांना ढकलत नेत आणि समोर बसून राहत. बिचाऱ्या एक शब्द बोलत नसत, पण दर दहा मिनिटांनी पदर सावरत, आणि त्या सावरण्याचा अर्थ 'झालं का' असा होतो हे जयवंतरावांना कळत असे. एका बैठकीत बारा-पंधरा पानांपलीकडे वाचन होत नसे. बाईमाणसानं आपल्यासाठी इतकं करायचं आणि वर आपण कुरकुरायचं, हे त्यांना शोभलं नसतं. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

संग्रहालय गोदीतल्या एका जुन्या गोदामात उभं होतं. छत इतकं उंच की आत एक अख्खं शिडाचं गलबत टांगलेलं. कुंदाताई त्याच्याखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याचा तळ बारकाईनं न्याहाळला.

"शेवाळ अजून तसंच आहे हो. एवढ्या लांबून लोक येतात, जरा घासून तरी टांगायचं."

"आजी, तू तर समुद्रालाही पाय पुसून आत ये म्हणशील," रेवा म्हणाली.

"म्हणेन की. खारं पाणी फरशीला चांगलं नाही." मग मागे वळून, "अहो, इकडे या, हे बघा. मसाल्यांचं दालन!"

खुर्ची तिकडे गेली. तिथे लाकडी खोक्यांची झाकणं उचलली की दोनशे वर्षांपूर्वीच्या मालाचा वास येई. वेलची, हिंग, डांबर, सुकी मासळी. कुंदाताईंनी सगळ्या खोक्यांतून नाक फिरवलं आणि हिंग भेसळीचा आहे असा निकाल दिला. मृणाल अधूनमधून फोनवर खुर्चीची नोंद बघत होती. हिरव्या वर्तुळात मोठा आकडा होता: शहाऐंशी.

"बाबा, झकास चाललंय तुमचं! सकाळपासून एक धक्का नाही."

"चालेल ना तेवढं?" जयवंतरावांनी विचारलं.

"चालेल काय, पळेल!"

त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण सकाळपासून आपण कुठे गेलो, हे ते मनाशी आठवत होते, आणि प्रत्येक जागी कुंदाताईंचा आवाज आधी आठवत होता.

उपाहारगृहात बटाटेवडे झाले. मग रेवाला हात धुवायचे होते म्हणून कुंदाताई तिला घेऊन गेल्या. मृणालला कचेरीतून फोन आला. "दोन मिनिटं हं बाबा" असं म्हणत ती खिडकीपाशी गेली. जयवंतराव एका लांब, अरुंद दालनाच्या तोंडाशी एकटे उरले.

दालनात भिंतीला लागून काचेच्या दहा पेट्या होत्या. वर पाटी होती: 'पडावाचा दोर. बंदर चौकशीतली एक जबानी, १९११.' प्रत्येक पेटीत मोडीतला एकेक कागद आणि शेजारी त्याचं बाळबोध लिपीतलं लेखन. जयवंतराव पहिल्या पेटीसमोरच होते. जबानी देणारा धाकू हरी हा एका पडावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम. मंगळुरी कौलं भरलेला पडाव बंदरात नांगरून होता. पहाटे वारा फिरला, शेजारचं जहाज अंगावर येऊ लागलं, आणि कुणीतरी नाळेवरचा, म्हणजे पडावाच्या पुढच्या टोकाचा, नांगराचा दोर कापला. पडाव वाचला, पण वाहत जाऊन खडकाला घासला आणि निम्मी कौलं समुद्रात गेली. दोर कुणी कापला, याची ही चौकशी होती. पहिला कागद संपता संपता धाकू सांगत होता: 'मी आरडाओरडा ऐकून नाळेकडे धावलो, तो दोराशी आधीच एक जण'

पुढचं दुसऱ्या पेटीत होतं. चार पावलांवर.

पुढे, असं जयवंतरावांनी मनात म्हटलं. खुर्ची हलली नाही. पुढे जा, असं त्यांनी पुन्हा म्हटलं. दात आवळून, सगळा जोर कपाळावरच्या पट्टीशी आणून. काही नाही. कपाळावर घाम आला. ज्याची भीती होती तेच खरं, असं त्यांना वाटलं. आत कुणी नाहीच.

तेवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"अहो, सोडा ते, इकडे या ना!"

खुर्ची गर्रकन वळली आणि निघाली.

पोपटी साडी नेसलेल्या एक बाई झपाझप पुढे चालल्या होत्या, त्यांच्यामागे एक टोपीवाले गृहस्थ, आणि त्यांच्यामागे जयवंतराव. होकायंत्रांचं दालन गेलं, दुर्बिणींचं गेलं. जयवंतरावांना ओरडावंसं वाटत होतं, पण अनोळखी माणसांसमोर त्यांचा आवाज कधीच वर चढत नसे. बाईंनी एकदा मागे पाहिलं, दोनदा पाहिलं.

"हे कोण आपल्या मागे येतायत?"

"तू बोलावलंस ना," टोपीवाले म्हणाले.

"मी तुम्हाला बोलावलं!"

"मग मीही आलोच की."

"अहो, थांबा जरा!" बाईंनी नवऱ्याला दटावलं. खुर्चीही थांबली.

"माफ करा," जयवंतराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझा काही इरादा नाही. ही खुर्ची... तुमचं ऐकतेय."

बाईंनी खुर्चीकडे आदरानं पाहिलं. "कुठे मिळते हो? आमच्या घरात ऐकणारं एक तरी कुणी हवंच आहे."

धापा टाकत मृणाल पोचली तोवर टोपीवाल्यांनी जयवंतरावांना आपलं गाव, जावई आणि गुडघ्याचं दुखणं एवढं सांगून टाकलं होतं.

मृणालनं फोनवर नोंदीचं दुसरं पान उघडलं. सकाळपासून तिनं फक्त हिरवं वर्तुळ पाहिलं होतं. खालचा मजकूर वाचायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिथे 'स्वारंभ' असा शब्द होता. कुणाच्याही सांगण्याशिवाय, स्वतःहून केलेली सुरुवात. खुर्चीच्या ध्वनिग्राहकानं आजूबाजूचे आवाज टिपले होते, आणि कुणी हाक मारल्यावर किंवा सूचना केल्यावर दहा सेकंदांच्या आत खुर्ची निघाली असेल तर ती सुरुवात यात धरली जात नव्हती. एकट्याच्या परवान्याला किमान दहा स्वारंभ हवे होते.

"किती झाले?" जयवंतरावांनी विचारलं.

मृणालनं बोट आकड्यावर ठेवलं. "शून्य, बाबा."

तिनं लगेच तांबोळी मॅडमना फोन लावला. पहिल्या तीन दिवसांनंतर ओळख करून देताना खोलीत कुणी होतं का, एवढंच मॅडमनी विचारलं. मृणालनं कुंदाताईंकडे पाहिलं. त्या नुकत्याच रेवासह येऊन उभ्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

"मी होते," त्या म्हणाल्या.

मॅडमनी जे सांगितलं ते साधं होतं. खुर्ची वीस दिवस मन लावून शिकली होती. पण ती जे शिकली ती हाक ऐकून उठणारी लहर होती. 'अहो' कानावर पडलं की काकांच्या मेंदूत जे होतं, त्यालाच ती काकांची इच्छा समजत होती.

फोन बंद झाला. कुंदाताई बाकावर बसल्या.

"म्हणजे माझ्यामुळे गेलं सगळं."

"असं नाही गं आई."

"असंच आहे. एकतीस आकडा बघून यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला म्हटलं, जरा मदत करावी." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता," जयवंतराव म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बरं वाटत होतं."

कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "चव्वेचाळीस वर्षं हेच. मी बोलत सुटायचं आणि तुम्ही गप्प बसून मला गुन्हेगार करायचं!"

"आजी, हळू, खुर्ची हलतेय," रेवा म्हणाली.

मृणालनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. पाचला संग्रहालय बंद होणार होतं. तिचा आवाज खाली आला.

"एक करता येईल. खुर्ची फक्त आवाज टिपते. आई लांबून नुसता हात करेल, बाबांना समजेल, खुर्ची निघेल. नोंदीत तो स्वारंभच दिसेल. दहा हात केले की झालं. परवाना तर मिळू दे, मग घरी बसून पुन्हा नीट शिकवू तिला."

कुंदाताईंनी मान वर केली. रेवानं तर हात कसा करायचा तेही करून दाखवलं. तिघी जयवंतरावांकडे पाहू लागल्या. ते काय म्हणणार हे तिघींना माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. शब्द जिभेवर आलाच होता. वाचनालयातलं टेबल डोळ्यांसमोर आलं. मग पोपटी साडीमागे धावणारे आपण डोळ्यांसमोर आलो, आणि त्या जागी मुलुंडचा भर रस्ता.

"नको," ते म्हणाले.

"काय?" कुंदाताईंनी विचारलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे.

"तसं नको. खोटा परवाना घेऊन मी रस्त्यात कुणाच्याही हाकेमागे जाईन. मॅडमना पुन्हा विचार, आता काही करता येईल का. नसेल तर सोबतीचा घेऊ. पण हात नको."

मृणालनं पुन्हा फोन लावला.

मॅडम म्हणाल्या, पहिल्या तीन दिवसांची ओळख खुर्चीत आहे, पुसलेली नाही, कच्ची आहे. शांत जागा मिळाली आणि कुणी हाक मारली नाही, तर ती जुळूही शकेल. खात्री नाही. आणि कुणीही समोर नको, विशेषतः काकू नकोत.

कुंदाताई उठल्या. त्यांनी जयवंतरावांच्या शर्टाची कॉलर नीट केली, पाण्याची बाटली त्यांना पोचेल अशी अडकवली, रुमाल खिशात आहे ना ते चाचपलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग रेवाचा हात धरून त्या चालू लागल्या. दालनाच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते जयवंतरावांना त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

मृणालनं खुर्ची पहिल्या पेटीसमोर ढकलत आणून ठेवली आणि तीही गेली.

पहिली पंधरा मिनिटं वाया गेली. पुढे, असं त्यांनी शंभरदा तरी मनात म्हटलं असेल. कधी विनवणीनं, कधी दरडावून. आपण स्वतःलाच हाक मारतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि आपल्या हाकेला तर आपण आयुष्यात कधी ओ दिलेली नाही. त्यांना हसू आलं. थकून त्यांनी तो नाद सोडला. समोर कागद होता, म्हणून सवयीनं तो पुन्हा वाचायला घेतला. वारा, आरडाओरडा, नाळेकडे धावणारा धाकू. 'तो दोराशी आधीच एक जण'

एक जण कोण? खलाशी? की शेजारच्या जहाजावरचा? मग धाकूनं त्याला अडवलं कसं नाही? काचेच्या कडेपलीकडे दुसऱ्या कागदाचा कोपरा दिसत होता. 'उभा होता. मी त्यास ओळखले', एवढी ओळ वाचून झाल्यावर जयवंतरावांच्या लक्षात आलं की ही ओळ दुसऱ्या पेटीतली आहे.

ते दचकून मागे बघायला गेले. मागे कुणी नव्हतं.

तेव्हा त्यांना उमगलं. हुकूम सोडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं. दोहोंच्या लहरी एक नसणार. पहिले तीन दिवस कमळ आणि गुलाब यांत त्यांना कशाचीच ओढ नव्हती, मग खुर्चीनं तरी काय ओळखावं? यावर तांबोळी मॅडम काय म्हणतील, हे त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित चुकीचंही असेल. पण फार विचार करायला सवड नव्हती, कारण धाकूनं ज्याला ओळखलं तो त्याचाच धाकटा भाऊ निघाला होता आणि कागद संपला होता.

तिसरी पेटी. चौथी. भावाच्या हातात कोयता होता, पण दोर ओला असल्यानं तुटत नव्हता. पाचव्या पेटीशी जाताना खुर्ची मध्येच अडली आणि परत वळल्यासारखी झाली. कुठल्याशा दालनातून 'अहो' ऐकू आलं होतं. जयवंतराव तसेच पाचव्या कागदाकडे बघत राहिले. चाकं क्षणभर घुटमळली आणि पुन्हा सरळ झाली. सहाव्या कागदात चौकशी अधिकारी धाकूला पेचात पकडत होता. भावाचं नाव आधी का लपवलंस? सातव्यात धाकू रडला, असं कारकुनानं कंसात लिहून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत इतका चोख कारकून जयवंतरावांना भेटला नव्हता. आठवा कागद त्यांनी दोनदा वाचला. किती वेळ गेला, तहान लागली आहे का, कुणी कंटाळलंय का, काही काही त्यांच्या मनात आलं नाही. नवव्याच्या शेवटी धाकू म्हणत होता की भावानं कोयता टाकला, कारण त्याची हिंमत झाली नाही, आणि मग

दहाव्या पेटीशी ते पोचले तेव्हा घंटा झाली. पाच वाजले होते. दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून पावलं आली, मग पहारेकऱ्याचा आवाज.

"काकू, बंद झालं. दिवे घालवायचेत. बोलवा त्यांना."

जयवंतराव पाठमोरे होते, पण दालन रिकामं होतं आणि कुजबूजही भिंतींवरून घरंगळत येत होती.

"आई, 'अहो' म्हणू नकोस," मृणाल म्हणत होती. "नऊ झालेत. एकच राहिलाय. तू 'अहो' म्हटलंस की खुर्ची येईल आणि ते धरणार नाहीत."

"मग काय म्हणू?"

"काकू, लवकर करा, वरचे साहेब ओरडतील."

पहारेकरी किल्ल्या वाजवत होता. जयवंतरावांना वाटलं, आता पावलं येतील, आता त्या येऊन खुर्ची धरतील.

"जयवंत."

आवाज बारीक होता, आणि त्यात ओळखीचं काहीच नव्हतं. हे नाव या आवाजात त्यांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, पाहुण्यांच्या गराड्यात, उखाण्याच्या शेवटी एकदा ऐकलं होतं. त्यानंतर हळदीकुंकवांत घेतलं असेल ते बायकांत. रेवा खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"जयवंत," कुंदाताईंनी पुन्हा हाक मारली. या वेळी जरा मोठ्यानं. "बंद होतंय. या तुम्हाला वाटेल तेव्हा."

खुर्ची हलली नाही. जयवंतरावांचे डोळे कागदावरच राहिले. अर्धं पान उरलं होतं. मागे बायको उभी आहे, पहारेकरी खोळंबला आहे, आणि आपण वाचतो आहोत, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी एकही ओळ गाळली नाही. भावानं टाकलेला कोयता धाकूनं उचलला होता. दोर त्यानंच कापला होता. मालकाचा माल तू कुणाच्या हुकुमावरून बुडवलास, असं अधिकाऱ्यानं शेवटी विचारलं होतं; आणि धाकू हरीनं उत्तर दिलं होतं की हुकूम देणारे मालक त्या वेळी किनाऱ्यावर न्याहारी करत होते, आणि त्यांना बोलावून आणायला पडाव थांबायला तयार नव्हता.

जयवंतराव एकटेच हसले. किती दिवसांनी असं काही वाचलं होतं. हे कुंदाला सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. आणि ते मनात आलं आहे हे त्यांना कळेपर्यंत खुर्ची वळून तिच्या दिशेनं निघालीही होती.